पुराचं पाणी ओसरल्यावर घर धुताना: आधी गाळ, मग साबण, शेवटी टीसीएल

22 जुलै 2021 ला वाशिष्ठीचं पाणी चिपळुणात शिरलं तेव्हा माझी आत्या तळमजल्यावरचं घर सोडून वरच्या शेजाऱ्यांकडे गेली, ती नेसत्या साडीनिशी. चौथ्या दिवशी मी तिथे पोहोचले. स्वयंपाकघरात पोटरीभर गाळ होता, फ्रीज आडवा झाला होता आणि त्या सगळ्या गाळावर कुणीतरी रांगोळी घालावी तशी पांढरी पावडर भुरभुरून ठेवली होती. वाटपात मिळालेली टीसीएलची अख्खी पिशवी त्यात संपली होती. वास मात्र जागचा हलला नव्हता. पुढे दोन दिवसांनी गाळ उपसून फरशी दिसायला लागली, खरी गरज तेव्हा होती, आणि तेव्हा घरात चिमूटभरही पावडर उरली नव्हती.

त्यानंतर पुराच्या बातम्यांत दारादारांत पडलेली पांढरी पावडर दिसली की मला ती पिशवी आठवते. टीसीएल म्हणजे ब्लीचिंग पावडर, ग्रामपंचायत विहिरीत टाकते तीच. तिच्यातला क्लोरीन जंतू मारतो हे खरं, पण जंतू कुठला आणि चिखल कुठला हे त्याला कळत नाही. शेण, कुजका पाला, मैला, जे आधी हाताला लागेल त्याच्यावरच तो खर्ची पडतो. म्हणून पुरानंतरच्या सफाईचा क्रम ठरलेला आहे: गाळ काढायचा, साबणानं घासायचं, मग क्लोरीनचं पाणी फिरवायचं आणि मग वाळवायचं. वेळ कमी आहे म्हणून एखादी पायरी गाळली की पुढची सगळी मेहनत फुकट जाते.

घरात पाय ठेवण्याआधी

वीज पहिली. मेन स्विचपर्यंत कोरड्या पायांनी जाता येत असेल तरच तो बंद करा. वाटेत पाणी असेल तर हात लावू नका, महावितरणच्या माणसाला किंवा वायरमनला बोलवा. भिंतीतल्या बोर्डांत गाळ भरलेला असतो, तो वरून दिसत नाही. वायरमननं बोर्ड उघडून, धुऊन, वाळवून तपासल्याशिवाय मेन चालू करायचा नाही. “एक बल्ब तरी लावून बघू” हा मोह फार होतो, तो आवरा. गॅसचा सिलिंडर पाण्यात तरंगला किंवा बुडाला असेल तर रेग्युलेटर काढून तो बाहेर उघड्यावर ठेवा आणि एजन्सीला कळवा.

मग फोटो. सफाईच्या उत्साहात हे हमखास राहतं आणि नंतर हळहळ होते. भिंतीवर पाण्याची जी रेघ उमटलेली असते तिच्याशेजारी मोजपट्टी धरून फोटो काढा. प्रत्येक खोलीचा, प्रत्येक बिघडलेल्या वस्तूचा, मशिनवरच्या नंबराचासुद्धा काढा. पंचनाम्याला तलाठी येईपर्यंत गाळ तसाच ठेवणं परवडत नाही, तेव्हा फोटोच कामाला येतात. विमा असेल तर कंपनीला त्याच दिवशी फोन करा.

आत जाताना हातात काठी हवी. गाळात, कपाटाच्या मागे, उलट्या पडलेल्या पिंपाखाली साप आणि विंचू आसऱ्याला बसलेले असतात. कोकणात घोणस आणि फुरसं दोन्ही आहेत. दिसला तर मारायच्या भानगडीत न पडता मागे व्हा आणि सर्पमित्राला फोन करा.

पायात गमबूट, हातात जाड रबरी हातमोजे. चपला घालून गाळात उतरू नका, आत काचा, खिळे, पत्रे असतात. पायाला जखम असलेल्यांनी, मधुमेहींनी, गरोदर बायकांनी आणि मुलांनी गाळाचं काम करायचं नाही. त्यांच्यासाठी कोरडी कामं भरपूर असतात.

गाळ ओला असतानाच निघतो

पूर पाहिलेली माणसं एक गोष्ट करतात, ती नवख्याला सुचत नाही. पाणी उतरत उतरत घोट्याएवढं राहिलं, ओढ संपली आणि वीज तोडलेली आहे याची खात्री झाली की ते तिथेच कामाला लागतात. खराट्यानं तळाचा गाळ ढवळायचा आणि पाण्याबरोबरच दाराबाहेर ढकलत राहायचं. त्या तासाभरात जितका गाळ जातो तितका नंतर दिवसभर फावडं मारूनही जात नाही, कारण पुरानंतर नळाला पाणी नसतं, पंपच बुडालेले असतात. ती वेळ हुकली तर गाळ सुकायच्या आत उपसा. वाळला की तो फरशीच्या सांध्यांत सिमेंटसारखा बसतो आणि फोडताना त्याची धूळ नाकातोंडात जाते.

फावडं, घमेलं, खराटा आणि रबरी वायपर एवढी हत्यारं पुरतात. सुरुवात सगळ्यात आतल्या खोलीपासून करा आणि दाराकडे या. उपसलेला गाळ गटारात लोटू नका. गटार तुंबलं की पुढच्या सरीला तोच गाळ परत घरात येतो. रस्त्याच्या कडेला ढीग करा, पालिकेचा ट्रॅक्टर तिथून उचलतो.

भिंती वरून खाली धुवा. रेघेच्या वर आणखी फूटभर घासा, कारण ओल भिंतीतून वर चढलेली असते. जांभ्या दगडाच्या, गिलावा नसलेल्या भिंतींना फार चिवटपणा लागतो. चिऱ्याच्या प्रत्येक भोकात गाळ जाऊन बसतो. आत्याच्या मागच्या पडवीची भिंत आम्ही नारळाच्या काथ्यानं घासली, मग जुन्या टूथब्रशनं सांधे काढले. दोन माणसांना एक भिंत म्हणजे पूर्ण दुपार. पाण्याचा जोरदार फवारा मारून हे काम लवकर होतं, पण त्या फवाऱ्यानं घाणीचे बारीक तुषार तोंडावर उडतात, तेव्हा चष्मा आणि मास्क लावूनच मारा.

शेणानं सारवलेली जमीन असेल तर ती निर्जंतुक करता येत नाही. वरचा दोन-तीन बोटं थर खरवडून बाहेर टाका, नवी माती घाला, चोपणीनं चोपा आणि नीट वाळल्यावरच सारवा.

साबण: ज्याला कुणी मान देत नाही

गाळ गेल्यावर फरशी स्वच्छ दिसायला लागते आणि इथेच लोक थेट टीसीएलकडे वळतात. थोडं थांबा. फरशीवर अजून एक चिकट, जवळजवळ न दिसणारा थर असतो. पुराच्या पाण्यात गॅरेजांचं ऑइल, सांडलेलं डिझेल, संडासांच्या टाक्या, मेलेली जनावरं सगळं एक झालेलं असतं. कोरड्या झालेल्या फरशीवर ओलं बोट ओढून पाहा, बोट करडं होतं. हा थर साबणानंच निघतो.

कपडे धुवायची साधी पावडर बादलीत मूठभर घ्या, पाणी कोमट मिळालं तर उत्तम. ब्रशनं घासा आणि पाण्यानं काढून टाका. बोट ओढल्यावर करडं होईनासं झालं की ही पायरी संपली. दोन बादल्या ठेवा, एकीत साबणाचं पाणी, दुसरीत फडकं खंगाळायचं. एकाच बादलीत फडकं बुडवत राहिलं तर पहिल्या खोलीची घाण चौथ्या खोलीपर्यंत जाते. जंतूंचा मोठा वाटा इथेच, घासून धुण्यानं, घराबाहेर जातो. क्लोरीनचं काम उरलेल्यांसाठी आहे.

टीसीएलचं पाणी नीट कसं करायचं

ताज्या ब्लीचिंग पावडरीत साधारण 33 टक्के क्लोरीन असतो. पिशवी उघडी राहिली, दमट हवा लागली, की तो उडत जातो. पावडर कोरडी, सुटी आणि नाकाला झोंबणारी हवी. गोळे झालेली, वास गेलेली पावडर म्हणजे निव्वळ चुना.

फरशी, भिंतीचा खालचा भाग, ओटा, संडास यांसाठी 0.1 टक्के क्लोरीनचं पाणी लागतं. 10 लिटरच्या बादलीला 30 ते 40 ग्रॅम पावडर, म्हणजे चहाचे सपाट आठ-दहा चमचे. पावडर जुनी असेल तर दहा, ताजी असेल तर आठ. बाजारात मिळणारं पातळ ब्लीच, म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट, घेणार असाल तर बाटलीवर टक्केवारी वाचा. 5 टक्क्यांचं असेल तर 10 लिटरला 200 मिली, 4 टक्क्यांचं असेल तर 250 मिली.

पावडर थेट बादलीत टाकली की ती वर तरंगते आणि गुठळ्या होतात. आधी प्लास्टिकच्या मगमध्ये थोड्या गार पाण्यात लाकडी काडीनं कालवून पातळ पेस्ट करा. ती बादलीत ओतून ढवळा आणि अर्धा तास झाकून ठेवा. खाली चुना बसतो आणि वर निवळ राहते. वापरायची ती निवळ. तळाचा चुना फरशीवर आला तर पांढरे डाग पडतात आणि ते काढताना पुन्हा एक दिवस जातो. बादली प्लास्टिकचीच हवी, पत्र्याची गंजते. पाणी गारच घ्या, गरम पाण्यात क्लोरीन लवकर नासतो. आज केलेलं पाणी आजच संपवा.

हे काम अंगणात करा, वारा पाठीकडून येईल असं उभं राहून. हातमोजे, चष्मा, नाकावर मास्क. कपडे जुने घाला, शिंतोडा उडेल तिथला रंग जातोच.

आता लावायचं. फडक्यानं किंवा मॉपनं फरशी सढळ ओली करा आणि 10 मिनिटं ओली राहू द्या. सगळी मेख या दहा मिनिटांत आहे. आपल्याला पुसल्या पुसल्या पंखा लावायची सवय असते, पण फरशी दोन मिनिटांत वाळली तर जंतूंना धक्काही लागत नाही. वाळायला लागली तर पुन्हा फडकं फिरवा. दारं-खिडक्या मात्र सताड उघड्या हव्यात. फवारणीच्या पंपानं क्लोरीनचं पाणी उडवणं टाळा. ते सगळीकडे सारखं पोहोचत नाही, आणि उडवणाऱ्याच्या छातीत मात्र जातं.

दहा मिनिटांनंतर ओटा, जेवणाचं टेबल, मुलं रांगतात ती फरशी आणि कुठलंही धातूचं काम साध्या स्वच्छ पाण्यानं पुसून घ्या. स्टीलच्या सिंकवर क्लोरीन तसाच राहिला तर बारीक खड्डे पडतात.

संडासात दोन बाटल्या एकत्र येऊ देऊ नका

आत्याकडे सफाईच्या दिवसांत एकदा घडलं ते सांगते. मदतीला आलेल्या एका मुलानं संडासाच्या भांड्यात टीसीएल टाकून ठेवली होती. माझ्या आतेभावाला ते माहीत नव्हतं. त्यानं पिवळे डाग काढायला वरून ॲसिड ओतलं. फस्स असा आवाज झाला, भांड्यातून हिरवट पिवळी वाफ वर आली आणि तो डोळे मिटून, भिंतीला धडकत बाहेर पडला. अर्धा तास नुसता खोकत होता. संध्याकाळपर्यंत त्याची छाती भरून राहिली आणि डॉक्टरांकडे न्यावं लागलं. संडास बंद खोलीसारखा, खिडकी वीतभर. दार आतून लावलेलं असतं तर काय झालं असतं, हा विचार मला अजूनही नको वाटतो.

ती वाफ क्लोरीन वायूची होती. ब्लीच आणि ॲसिड एकत्र आले की तो सुटतोच. संडास धुवायच्या बहुतेक द्रवांत हायड्रोक्लोरिक ॲसिड असतं, मग बाटली कितीही सुगंधी असो. लिंबू, चिंच, व्हिनेगर हीसुद्धा आम्लंच, त्यामुळे पितळेची भांडी चिंचेनं घासायच्या जागी टीसीएलचं पाणी नको. अमोनिया असलेल्या काच पुसायच्या द्रवाबरोबर ब्लीच मिसळलं तर दुसरे विषारी वायू निघतात. स्पिरिट, सॅनिटायझर, फिनाईल यांतलं काहीही टीसीएलमध्ये घालायचं नाही. “दोन्ही टाकलं की डबल काम” ही समजूत घरोघरी आहे आणि ती धोक्याची आहे.

आमच्याकडे मग संडासाच्या दारावर खडूनं लिहायला लागलो: “टीसीएल टाकली आहे, वेळ अमुक.” मदतीला दहा हात असतात तेव्हा हे लिहिणं गरजेचं आहे. एखाद्या दिवशी ॲसिड वापरायचंच असेल तर फक्त ॲसिड, भरपूर पाण्यानं धुऊन काढा, आणि टीसीएल दुसऱ्या दिवशी. चुकून वाफ आलीच तर बाटली सावरत बसू नका. बाहेर पडा, दार उघडं टाका, मोकळ्या हवेत बसा. खोकला थांबत नसेल, श्वास अडकत असेल तर दवाखाना गाठा. डोळ्यात थेंब गेला तर वाहत्या पाण्याखाली 15 मिनिटं डोळा धरा आणि मग डॉक्टर.

शहाबादी, कोटा आणि संगमरवर हे चुनखडीच्या जातीचे दगड आहेत, ॲसिड त्यांना खातं. गाळाचे डाग जावेत म्हणून शहाबादीवर ॲसिड ओतलं की फरशी कायमची खरखरीत होते आणि मग त्यात जास्तच घाण धरते.

ठेवायचं काय, टाकायचं काय

स्टीलची, काचेची, चिनी मातीची भांडी वाचतात. साबणानं धुवा, मग मोठ्या पातेल्यात उकळत्या पाण्यात बुडवून काढा, हे क्लोरीनपेक्षा सोपं आणि भांड्याला बरं. पाण्यात भिजलेलं लाकडी पोळपाट-लाटणं, काथवट, चिरायची पाटी टाकून द्या. लाकडात शिरलेलं पाणी धुऊन निघत नाही. बाळाच्या दुधाच्या बाटलीची बुचं, प्लास्टिकचे चमचेही गेले असं समजा. औषधं सगळी टाका, पाकीट बंद दिसलं तरी. धान्याची भिजलेली पोती उन्हात वाळवून वाचवायचा प्रयत्न करू नका. तांदळाचं पोतं टाकताना आत्या दारात उभी राहून रडली होती, मला कळत होतं तिला काय वाटतंय. तरीही टाकलं.

कापसाची गादी गेली. कपडे, चादरी वाचतात: आधी साध्या पाण्यात गाळ काढा, मग साबण, मग कडक ऊन. सागवानी फर्निचर साधारण तगतं, प्लायवूडचं फुगून पदर सुटतात. फुगलेला ड्रॉवर ओढून उघडू नका, कपाटाची मागची फळी काढून आतून ढकला. लाकूड सावलीत, वाऱ्यावर वाळवा, थेट उन्हात ते पीळ धरतं.

जमिनीतली पाण्याची टाकी पुराच्या पाण्यात बुडाली असेल तर तिचं पाणी पूर्ण उपसा, आतून घासा, घासलेलं पाणी काढा. मग टाकी भरून 1000 लिटरला 150 ग्रॅम टीसीएलची निवळ घाला आणि 24 तास ठेवा. ते पाणी प्यायचं नाही, ओतून द्यायचं, आणि मग ताजं भरायचं. खोल टाकीत एकट्यानं कुणी उतरू नये, आणि क्लोरीन घातल्यावर तर मुळीच नाही. विहिरीचं काम ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाकडे सोपवा. तोवर प्यायचं पाणी उकळूनच.

वाळवण्याला घाई नको

दमट हवेत एक-दोन दिवसांत बुरशी धरायला सुरुवात होते. आपल्याकडे पूर येतो तोच ऐन पावसाळ्यात, त्यामुळे ही सगळ्यात कंटाळवाणी पायरी. समोरासमोरच्या खिडक्या उघडा, कपाटं भिंतीपासून हातभर पुढे ओढा, वीज सुरक्षित झाल्यावर पंखे दिवसभर चालू ठेवा. 2019 च्या ऑगस्टमध्ये कोल्हापूर-सांगलीकडे कितीतरी घरांत पाणी दिवसेंदिवस तुंबून होतं. अशा भिंती वाळायला महिने लागतात.

भिंतीवर बुरशी आलीच तर कोरड्या ब्रशनं झाडू नका, तिची पूड हवेत उडते. आधी साबणाच्या पाण्यानं ओली करा, मग पुसा, फडकं टाकून द्या. एन-95 मास्क हवा, आणि दमा असलेल्या माणसाला त्या खोलीपासून लांब ठेवा. गिलाव्याच्या आत क्लोरीन पोहोचत नाही, तिथे वाराच उपयोगी. गणपती आलेत म्हणून ओल्या भिंतीवर डिस्टेंपर मारला की दिवाळीपर्यंत पापुद्रे सुटतात. घर सजलेलं दिसावंच असं वाटत असेल तर चुन्याचा हात द्या. चुना भिंतीला श्वास घेऊ देतो आणि त्यावर बुरशी सहसा धरत नाही.

आणि घर धुणारी माणसं

उंदरांच्या लघवीतून पुराच्या पाण्यात येणारे लेप्टोचे, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस या तापाचे जंतू पायाच्या चिरेतून, पाण्यात भिजून मऊ पडलेल्या कातडीतून, डोळ्यांतून शरीरात शिरतात. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस झाला, त्यानंतरच्या आठवड्यांत मुंबईत लेप्टोची साथ आली होती. गाळात उतरण्याआधी किंवा निदान त्याच दिवशी डॉक्टरांना भेटा. डॉक्सीसायक्लिनची गोळी प्रतिबंधक म्हणून देतात, पण ती कुणी घ्यायची आणि किती, ते डॉक्टरच ठरवतील. गरोदर बायकांना आणि लहान मुलांना ती चालत नाही. धनुर्वाताचं इंजेक्शन घेऊन बरीच वर्षं झाली असतील तर तेही विचारा. रोज काम संपलं की हातपाय साबणानं धुऊन, बोटांच्या बेचक्या पुसून कोरड्या करा.

लेप्टोचा ताप बहुधा पाच ते चौदा दिवसांनी येतो, कधी आणखी उशिरा. तोवर घर लख्ख झालेलं असतं आणि पूर डोक्यातून गेलेला असतो. ताप, पोटऱ्या ठणकणं, डोळे लाल होणं, लघवी गडद होणं, यातलं काही दिसलं तर क्रोसिन घेऊन घरी थांबू नका. दवाखान्यात गेल्यावर पहिल्याच वाक्यात सांगा: मी पुराचा गाळ उपसला आहे, अमुक तारखेला.